आयव्ही मावशींच्या रिकाम्या ओळी

आदरणीय अध्यक्ष वॉल्टर ऑन्गसाहेब, व्यासपीठावर बसलेली आपल्या मंडळाची वडीलधारी मंडळी, आजच्या सत्कारमूर्ती आयव्ही सीटो मावशी, आणि समोर बसलेल्या, लॉस एंजेलिसच्या या चायनाटाउनमधल्या माझ्या काका-काकूंनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. अध्यक्षांनी दारातच माझा दंड धरून बजावलं, "डिक्सन, मावशींच्या टीव्हीवरच्या कामांबद्दल बोल. दुसरं काही उकरू नकोस." दुसरं म्हणजे काय, असं मी विचारलं नाही. तुम्हीही विचारणार नाही. मावशी बहिणीकडे राहायला होनोलुलूला निघाल्या आणि बारा वर्षं त्यांच्याशी धड न बोललेल्या माणसांना एकदम चांदीचं तबक सुचलं. आपण तबक दोनच प्रकारच्या माणसांना देतो. जी फार आवडतात त्यांना, आणि जी एकदाची जावीत असं वाटतं त्यांना. हे कुठलं तबक आहे, मला खरंच कळलेलं नाही.

असो. माझं शिक्षण बेताचं, त्यात ट्रकवर आणि बोटींवर भटकलेला माणूस. गाडी रस्ता सोडते. सांभाळून घ्या.

मावशी टीव्हीवर काम करायच्या त्या काळात नाटकं थेट व्हायची. इकडे हॉलिवूडमध्ये नट बोलला, की तिकडे घरात ऐकू आलं. मावशींना त्यात एखाद्या भागापुरतं काम मिळायचं. कधी मोलकरीण, कधी तस्कराची बाई, कधी खून झालेल्याची बायको. एकदा तर त्या पडदा उघडायच्या आधीच मेलेल्या होत्या. तेव्हाही आपल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, की काय छान मेली! बाकी सगळ्यांना लिहिलेली वाक्यं असायची. मावशींच्या जागी नुसतं लिहिलेलं असायचं, 'ती आपल्या भाषेत काहीतरी बोलते.' काय बोलते, ते लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसायचं. मग मावशी ती रिकामी जागा आपल्या चीनमधल्या मुलखाच्या, तोइसानच्या बोलीत भरायच्या.

आणि भरायला माल कोण पुरवायचं? आपणच की! मावशी स्टुडिओत निघाल्या की वाटेत एकेक जण गाठायचा. "आयव्ही, माझ्या नातवाला महिना झाला, तेवढं घाल." "आयव्हीताई, माझ्या सासूला सांग, तुझं लोणचं खारट झालंय. मी सांगितलं म्हणून सांगू नकोस हं!" संध्याकाळी च्यू यांच्या वाणसामानाच्या दुकानात, तिथल्या टीव्हीपुढे, अख्खी गल्ली जमायची. पडद्यावर मावशी नवऱ्याच्या प्रेतावर पडून हंबरडा फोडताहेत, सगळी अमेरिका डोळे पुसतेय, आणि आपण पोट धरून हसतोय, कारण त्या रडत रडत म्हणताहेत, "अहो, कोपऱ्यावरच्या दुकानातलं बदक कालचं आहे, घेऊ नका हो!" कोणाचा निरोप येणार हे आधी कोणी फोडायचं नाही, अशी रीत होती. त्यातच तर मजा.

ऑन्गसाहेब घड्याळ दाखवताहेत. आलोच मुद्द्यावर.

सत्तावन्न सालच्या एका नाटकात मावशींनी हेराच्या मोलकरणीचं काम केलं. कपाळाला पिस्तूल लावलेलं, आणि त्या म्हणाल्या, "फाँग येन-होई, तू बरा आहेस ना?" दुकानात कोणी हसलं नाही. कारण फाँग येन-होई म्हणजे आपले लुई काका, नूडल्सच्या खानावळीतले आचारी. ते दुसऱ्याच्या कागदांवर, लुई घराण्याचा मुलगा म्हणून या देशात आले होते. आपल्यापैकी आणखी किती जण असे... नको, हात वर करू नका. खरं नाव जाणणारी पाच-सहाच माणसं होती, पण ती सगळी काकांकडे वळून बघायला लागली आणि बाकीच्यांनाही कळलं. पुढच्या आठवड्यात इमिग्रेशन कचेरीतले हॅटवाले दोन साहेब गल्लीत लुई काकांची चौकशी करत फिरले, आणि महिना संपायच्या आत काका गाव सोडून गेले. त्याच सुमाराला मावशींना डॉक्टरच्या बायकोचं काम मिळालं, चांगलं लांबलचक. झालं! आपण हिशेब जुळवला. आयव्हीने काकांना विकलं.

माझी आईही तेच म्हणायची. मीही मानत होतो. नंतर कोणी मावशींना निरोप दिला नाही. त्या रिकाम्या जागी त्या नुसते एक, दोन, तीन आकडे म्हणू लागल्या. आपण म्हटलं, बघा, आपल्याला चिडवतेय!

गेल्या पावसाळ्यात मॅरिसव्हिलला माझा ट्रक बंद पडला. एका खानावळीत शिरलो. भाताची चव ओळखीची लागली म्हणून आत डोकावलो, तर लुई काका! मी म्हटलं, "काका, आयव्ही मावशींनी तुम्हाला..." त्यांनी पळी आपटली. "कोणी सांगितलं तुला? मीच सांगितलं होतं तिला माझं नाव घ्यायला!"

सरकारने तेव्हा दवंडी पिटली होती, खोट्या कागदांवर आलेल्यांनी स्वतःहून खरं सांगावं. काका कित्येक महिने त्या कचेरीच्या दारातून परत फिरत होते. ते म्हणाले, "इथे आल्यापासून माझ्या नावाने मला कोणी हाक मारली नव्हती रे. म्हटलं, एकदा चारचौघांत कोणी म्हणू दे, मग मला मागे फिरता येणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो आणि सगळं सांगून टाकलं." साहेब आले ते काका खरं बोलले का, हे पडताळायला. पण एक लुई उघडा पडला की त्या कागदावरचे सगळेच लुई उघडे पडणार. त्या बाकीच्या लुईंनी काकांना सोडलं नसतं. म्हणून काका पळाले, आणि मावशींकडून वचन घेतलं, मी स्वतः गेलो हे कोणाला सांगायचं नाही.

मी लगेच विश्वास ठेवला असं समजू नका. मला वाटलं, म्हातारा बाईला वाचवतोय. मग आठवलं, आणि तुम्हालाही आठवत असेल, त्या संध्याकाळी काका च्यूंच्या दुकानात दाढी करून, पांढरा शर्ट आणि टाय घालून आले होते. वाण्याच्या दुकानात टीव्ही बघायला टाय कोण घालतं? आपण सगळ्यांनी तो पाहिला. पण संशय घेतला तो भलत्याच माणसाचा.

परवा मी मावशींना विचारलं, "काकांनीच सांगितलं होतं ना?" त्या म्हणाल्या, "डिक्सन, तुझ्या बुटाची नाडी सुटलीय." आत्ताही माझ्याकडे रागाने बघताहेत. मावशी, काकांची परवानगी आहे. ते म्हणाले, "त्या लुईंपैकी आता कोणी उरलं नाही. सांग."

अध्यक्षमहाराज, आपण मला बोलू दिलंत, निदान थांबवलं नाहीत, याबद्दल मी आभारी आहे. श्रोत्यांचेही आभार. माझ्या बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, मोठ्यांचा मान राखायला मी चुकलो असेन, तर ते पोटात घाला. दुसरी जी माफी आहे, ती मात्र मी तुमच्या वतीने मागणार नाही. मावशी जेवण होईपर्यंत इथेच आहेत.