मागच्या स्पीकरचा आवाज

जबाब देणार: ड्रायव्हिंग स्कूलचा शिक्षक, परिसरात सर्वत्र ‘मास्तर’ म्हणून परिचित. वय एकोणपन्नास वर्षे. धंदा: लोकांना चारचाकी चालवायला शिकवणे. राहणार: बेकरीच्या वरचा दुसरा मजला, जिन्याच्या उजव्या हाताचे घर.

मी आज रोजी पोलीस ठाण्यात स्वतः हजर आहे. मला कोणी ओढून आणलेले नाही, जीपमध्ये मी आपण होऊन पुढे बसलो. अंमलदारांनी विचारल्यावरून जे घडले ते सांगतो, ते असे की,

मी वरील पत्त्यावर पत्नीसह राहतो. मुलगी शिक्षणासाठी परगावी असते. माझ्या पत्नीची थोरली बहीण दोन गल्ल्या सोडून राहते. तिचे यजमान दातांचे डॉक्टर असून ते माझे साडू लागतात. माझी पत्नी त्यांना भाऊजी म्हणते. त्यांचे व माझे संबंध चांगले आहेत आणि आजवर आमच्यात वाद झालेला नाही. त्यांचे केस अजून काळे आहेत. त्यांनी एखादा किस्सा सांगायला घेतला की बायका हातातले काम बाजूला ठेवतात. समोरच्याला तोंड उघडून बसवायचे आणि आपण बोलत राहायचे, ही त्यांच्या धंद्यातली सवय आहे. हे शेवटचे वाक्य लिहिण्याची गरज नाही असे अंमलदार म्हणाले, परंतु मी आग्रह धरल्याने लिहिले आहे.

दर शनिवारी संध्याकाळी साडूंचा दवाखाना बंद असतो. त्या दिवशी माझी पत्नी बहिणीकडे सिनेमा पाहायला जाते. शनिवारी नोकरदार मंडळी गाडी शिकायला येतात, त्यामुळे मला जाता येत नाही. मात्र माझी शिकाऊ गाडी साडूंच्या खिडकीखालून जाते. तो रस्ता रुंद असून नवशिक्याला सोयीचा आहे, म्हणून मी तो निवडतो. खिडकी उघडी असली की माझी पत्नी आत हसत असलेली ऐकू येते. ती घरी हसत नाही असे माझे म्हणणे नाही. घरी ती तोंडावर हात ठेवून हसते. तिथल्या हसण्याला हात आड येत नाही, हे खालूनही कळते. अशा वेळी माझा पाय माझ्या बाजूच्या जादा ब्रेकवर पडतो आणि शिकणारा विचारतो, ‘‘माझं काय चुकलं, मास्तर?’’

गेल्या हिवाळ्यात साडूंनी बाजारात नुकताच आलेला होम थिएटरचा रिसीव्हर घेतला. ही एक काळी पेटी असते. टीव्हीचा आवाज ती खोलीभर ठेवलेल्या स्पीकरमध्ये वाटून देते, म्हणजे सिनेमात पाठीमागे दार वाजले की आपल्यालाही ते पाठीमागूनच ऐकू येते. त्या शनिवारी पत्नी घरी आली आणि चप्पल काढायच्या आधीच म्हणाली, ‘‘अहो, घोडा अगदी माझ्या कानामागून गेला. मी दचकून वळून बघितलं!’’ आमच्या एवढ्या वर्षांच्या संसारात माझ्यामुळे तिने वळून बघितल्याचे मला आठवत नाही. माझ्या पोटात दुखू लागले, हे मी नाकारत नाही. सोमवारी दुकान उघडताच मी तोच रिसीव्हर, त्याच रंगाचा, विकत घेतला. कशासाठी घेतला असे विचारल्यावरून सांगतो की, शनिवारी ती घरी राहावी म्हणून घेतला. दुसरे कारण नाही.

रिसीव्हर पहिल्या दिवसापासून नीट चालला नाही. चित्र आले की आवाज जायचा. आवाज आला की पडदा काळा व्हायचा. मागचे दोन स्पीकर तर मूग गिळून बसले होते. मध्येच आतून ‘टक’ असा आवाज यायचा आणि पेटी आपली आपण बंद पडायची. दुकानदाराला विचारले तर तो म्हणाला, ‘‘नवीन मॉडेल आहे साहेब, जरा लाजतंय. अपडेट येईल, मग बघा.’’ अपडेट आले. त्यानंतर रिमोटही चालेनासा झाला.

सर्व्हिस सेंटरमध्ये मी अनेक चकरा मारल्या. तिथे बाकावर माझ्यासारखीच माणसे मांडीवर तीच काळी पेटी घेऊन बसलेली असत. एक बाई म्हणाल्या, ‘‘आमचा फक्त जाहिरातींना बोलतो. सिनेमा लागला की गप्प.’’ एक निवृत्त गृहस्थ तर रोज येत. त्यांना पेटी दुरुस्त व्हावी असे वाटत होते की बोलायला माणसे मिळावीत असे, हे मला शेवटपर्यंत कळले नाही. अखेर कंपनीचा माणूस घरी आला. त्याने मागच्या वायरी काढून परत घातल्या आणि सांगितले, ‘‘तुमचा टीव्ही जुना आहे. ह्या मॉडेलचं जुन्या टीव्हीशी पटत नाही.’’ मी म्हटले, ‘‘टीव्हीला काय धाड भरलीय? रोज चालतो.’’ तो खांदे उडवून निघून गेला.

तरीही मी प्रयत्न सोडला नाही. शनिवारच्या शिकवण्या रविवार सकाळवर ढकलल्या आणि पत्नीला घरी थांबवून घेतले. तिला सोफ्याच्या बरोबर मधोमध बसवले. आवाज सगळीकडून सारखा पोचावा म्हणून सोफ्यावर खडूने तशी खूण केली होती. ती काही बोलू लागली की मी ‘शू’ म्हणायचो, कारण बोलल्याने मागचा आवाज ऐकू येत नाही. अधूनमधून विचारायचो, ‘‘मागून आलं का?’’ ती म्हणायची, ‘‘येतंय बहुतेक.’’ हा सूर माझ्या ओळखीचा आहे. आरशात पाहिले का असे विचारले की न पाहिलेला शिकाऊ माणूस असाच बोलतो. पुढच्या शनिवारी ती साडी बदलून बहिणीकडे गेली. मी शिकवण्या पुन्हा शनिवारी घेतल्या.

मला खुपत होते ते हे की, तोच रिसीव्हर साडूंकडे उत्तम चालत होता. मी पत्नीला विचारायचो, ‘‘भाऊजींचा कसा चाललाय?’’ ती म्हणायची, ‘‘छान.’’ ‘‘मागचे स्पीकर?’’ ‘‘छान.’’ ‘‘पडदा काळा होत नाही?’’ ‘‘नाही हो, छान चाललंय.’’ साडू फोनवर म्हणाले, ‘‘आमचा लोण्यासारखा चालतो, मास्तर. पीस पारखून घ्यायला हवा होतात तुम्ही.’’ हे ऐकून माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दुकानदाराने डॉक्टर पाहून चांगला पीस दिला आणि मास्तर पाहून माझ्या गळ्यात गाळ मारला, अशी माझी खात्री झाली.

मागील महिन्यात साडू व मेव्हणी काही दिवस मुलाकडे गेले होते. दोघी बहिणी एकमेकींच्या घराची किल्ली ठेवतात आणि कोणी बाहेर गेले की कुंड्यांना पाणी घालतात, ही त्यांची जुनी पद्धत आहे. या खेपेस मी म्हटले, मी घालतो. पत्नीला आश्चर्य वाटले, पण तिने किल्ली दिली. मी माझा रिसीव्हर चादरीत गुंडाळून शिकाऊ गाडीतून नेला. आधी सर्व कुंड्यांना पाणी घातले. ही बाब जबाबात यावी. त्यानंतर साडूंच्या कपाटाचे काचेचे दार उघडून त्यांचा रिसीव्हर बाहेर काढला व माझा त्या जागी ठेवून वायरी होत्या तशा जोडल्या. साडूंचा रिसीव्हर हाताला हलका लागला. चांगला माल हलकाच असणार, असे मला वाटले.

याला चोरी म्हणता येणार नाही, असे माझे म्हणणे आहे. एक नेला, एक ठेवला. दोन्ही एकाच कंपनीचे होते.

घरी येऊन तो जोडला तर दिवासुद्धा लागला नाही. वाटेतल्या गतिरोधकावर गाडी आपटली होती, त्यात काही तुटले असावे असे मला वाटले. पत्नीला म्हटले, ‘‘आपला रिसीव्हर कायमचाच बंद पडला.’’ तिने पेटीकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि विचारले, ‘‘ताईच्या झाडांना पाणी घातलंत ना?’’ मी हो म्हटले. ती आत निघून गेली.

साडू परत आल्यावर त्यांचा मला फोन आला. ‘‘मास्तर, ह्या शनिवारी गाडी राहू द्या. याच ऐकायला. आमच्या पेटीला काय कंठ फुटलाय म्हणून सांगू!’’ मला जायचे नव्हते, पण घरी बसवेना. म्हणून आज संध्याकाळी मी पत्नीबरोबर त्यांच्या घरी गेलो. हॉलमध्ये साडू, मेव्हणी, माझी पत्नी व मी असे चौघे होतो. कपाटात रिसीव्हर होता तो माझाच होता, कारण त्याच्या डाव्या कोपऱ्यावर माझ्या गाडीच्या किल्लीचा ओरखडा होता.

सिनेमा सुरू झाला. पडदा एकदाही काळा झाला नाही. सिनेमातला माणूस खडीवरून चालत आला तर त्याची पावले माझ्या पाठीमागून आली. दारावरची कडी उजवीकडून वाजली. माझी पत्नी सिनेमाच्या मध्येच बोलत होती आणि तिला कोणी ‘शू’ करत नव्हते. नायकाचे पुढचे चार दात खोटे आहेत असे साडूंनी सांगितले, तेव्हा ती हसली. हात मांडीवरच होता. मला साडूंचा राग आला, परंतु त्याहून जास्त त्या पेटीचा आला. माझ्या घरी तिला काय कमी होते? जागा चांगली होती. मी तिला रोज मऊ फडक्याने पुसत होतो. कधी एक शब्द बोलली नाही, आणि इथे येऊन बोलायची थांबेना.

मी उठलो व मागच्या वायरी काढू लागलो. साडूंनी पेटीची दुसरी बाजू धरली.

‘‘मास्तर, हे काय करताय?’’

‘‘ही पेटी माझी आहे.’’

‘‘तुमची कशी? तुमची तुमच्या घरी आहे.’’

‘‘घरी आहे ती तुमची आहे. आणि ती बंद आहे.’’

‘‘बंद असणारच! अहो, ती रिकामी होती! आतलं सगळं कंपनीनं कधीच दुरुस्तीला नेलंय. नुसतं खोकं ठेवलं होतं मी कपाटात, शोभेला!’’

मी ओढले, त्यांनी ओढले. त्यात कपाटाची काच फुटून साडूंच्या अंगठ्याला लागले. खालच्या मजल्यावरच्यांनी आवाज ऐकून पोलिसांना फोन केला. मी साडूंना मारलेले नाही. त्यांनी मला ‘चोर’ म्हटले, ते मी ऐकून घेतले.

पोलीस येईपर्यंत मला कळले ते असे की, साडूंचा रिसीव्हर पहिला आठवडा तेवढा चालला. पहिल्याच अपडेटमध्ये तो अडकून मेला. तेव्हापासून त्यांच्याकडे सिनेमा टीव्हीच्याच साध्या आवाजात चालत असे. परगावाहून आल्यावर रिकामी पेटी गाऊ लागली तेव्हा ती कोणाची, हे साडूंनी लगेच ओळखले, आणि मुद्दाम मला ऐकायला बोलावले. त्यांचा टीव्ही नवा आहे. माझ्या पेटीचे त्याच्याशी पटले.

मी पत्नीला विचारले, ‘‘त्यांचा रिसीव्हर बंद आहे हे तुला माहीत होतं?’’

ती म्हणाली, ‘‘होतं.’’

‘‘मग छान छान काय म्हणत होतीस?’’

‘‘भाऊजी म्हणाले, मास्तरांना कळू देऊ नका, त्यांच्यापुढे माझी शोभा होईल. तुमचा कान फार तिखट आहे, असं ते सगळ्यांना सांगतात.’’

‘‘आणि मी अदलाबदल केली, ते?’’

‘‘पेटी बघितली तेव्हाच कळलं. वाटलं, तुम्ही आपण होऊन सांगाल.’’

‘‘मग इतके दिवस इथे कसला सिनेमा ऐकत होतीस?’’

‘‘सिनेमा कुठे ऐकायचो आम्ही? तो आपला चालू असायचा. आम्ही बोलत बसायचो.’’



माझ्या घरची पेटीही मागवून अंमलदारांनी दोन्ही पेट्या टेबलावर ठेवून घेतल्या आहेत. ओरखडा असलेली माझी आहे, परंतु ती मला परत नको. ती साडूंकडे राहिली तरी माझी हरकत नाही, तिचे तिथे जमते. अंगठ्याच्या जखमेबद्दल साडूंची तक्रार नाही, काचेबद्दल मेव्हणीची आहे व ती मी भरून देईन. माझी तक्रार कोणाविरुद्ध आहे असे विचारल्यावरून सांगतो की, माझ्या पत्नीने दुसऱ्या पुरुषाचे गुपित माझ्यापासून पोटात ठेवले आणि मला ताकास तूर लागू दिली नाही, याबद्दल माझी तक्रार आहे. असे कलम नाही, असे अंमलदारांनी सांगितले. म्हणून तक्रार नाही, असे लिहावे.

वरील मजकूर अंमलदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. त्या वेळी माझी पत्नी व साडू बाहेरच्या बाकावर, म्हणजे माझ्या पाठीमागे डाव्या हाताला, बसलेले होते. वाचन शेवटाला आले असताना साडू काहीतरी बोलले व माझी पत्नी हसली. तो आवाज मला पाठीमागून, डाव्या बाजूने, अगदी स्वच्छ आला. मी वळून बघितले. तिने मला पाहिले आणि तोंडावर हात ठेवला. त्यामुळे शेवटचा मजकूर माझा ऐकायचा राहिला, तो मी पुन्हा वाचून घेतला. तो मी सांगितला तसाच लिहिलेला असून बरोबर आहे.