कॅम्प पाचच्या नळाची बातमी

...आणि वर विष्णुपंत मलाच विचारतात, "तुम्ही स्वतः तिथं गेला होतात ना?" गेला होतात म्हणजे? अहो, अंबरनाथहून उल्हासनगरच्या कॅम्प पाचपर्यंत, भर उन्हात, अण्णांचा लोकरी काळा कोट चढवून पायी गेलो होतो! तुम्हाला सांगतो, खिशातला नोकरीचा अर्जसुद्धा घामानं भिजला. आता यात माझं काय चुकलं?

त्याचं असं झालं, अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, त्यांच्या काडेपेटीच्या कारखान्यात माझ्यासाठी शब्द टाकलेला. आणि मला तर व्हायचं होतं बातमीदार, अगदी मनापासून. अण्णा म्हणाले, "सोमवारच्या आत पेपरात चिकट, नाहीतर मुकाट्यानं गोदामात ये." म्हणून गावातल्या साप्ताहिकाच्या संपादकांकडे, या विष्णुपंतांकडे, गेलो. ते अर्जाकडे बघेचनात. "अर्ज कोणीही लिहितो हो. बातमी आणा. कॅम्प पाचला आठ दिवस पाणी नाही म्हणतात, बघून या."

गेलो. नळापाशी उभा राहिलो, वही काढली, पेन उघडलं... झालं! फाळणीत सिंधमधून आलेली, चार वर्षं रेशनच्या रांगेत काढलेली माणसं ती. कोटवाला लिहायला लागला की रांग लावायची, एवढं त्यांना पक्कं ठाऊक. बघता बघता रांग पार कोपऱ्यापर्यंत. सगळ्यात पुढे एक सिंधी म्हातारी. "साईं, पहले मेरा नाम लिखो." मी म्हणतोय, "माई, मैं सरकारी आदमी नहीं, अखबारवाला हूं... म्हणजे अभी वो भी नहीं हूं." तर म्हणते, "हां हां साईं, पर लिखो तो सही." रिकामी बादली घेऊन उभी बिचारी, नाही कसं म्हणणार? लिहिली नावं, त्रेसष्ट! यात तरी माझं काय चुकलं?

तेवढ्यात पाणीखात्याचा माणूस सायकलवरून आला. त्यानं रांग बघितली, कोट बघितला, वही बघितली, आणि सायकल वळवून जो सुटला... मला वाटलं, घरी काही विसरला असेल.

मी झकास बातमी लिहून दिली, 'नळ कोरडे, जनता हवालदिल'. पंतांनी छापायच्या आधी खात्री करायला श्रीपादला धाडलं. श्रीपाद म्हणजे त्याच नोकरीचा दुसरा उमेदवार. तो परत आला तो ओल्या धोतरानं. "नळ धो धो वाहतायत, पंत." पंतांनी माझा कागद माझ्याच हातात ठेवला. "पहिल्याच बातमीत थाप?" तुम्हाला सांगतो, रडू यायचं तेवढं बाकी होतं.

शनिवारचा अंक वाचलात? पहिल्याच पानावर आहे. 'दक्ष अधिकाऱ्याची अचानक भेट, कॅम्प पाचला तासाभरात पाणी'. काळा कोट, हातात वही, म्हातारीची आस्थेनं चौकशी, सगळं वर्णन आहे. खाली छापलंय, आमचा नवा बातमीदार श्रीपाद.

अण्णांनी ती बातमी घरात मोठ्यानं वाचून दाखवली. चष्मा काढून माझ्याकडे बघत म्हणाले, "याला म्हणतात कर्तबगार माणूस. नाहीतर तू." सोमवारी सात वाजता गोदामात हजर झालो.