तोंडाला बांधलेलं फडकं

माझं माहेर चाकणच्या अंगाला, सासर हे पिंपळे गुरव. लगीन होऊन आले तवा नदीकाठाला नुसती ज्वारी व्हती, आन् आता पिंपरीला कारखान्याच्या भिंती उभ्या राहिल्यात, काय सांगू तुमाला, गडीमानसं समदी तिकडं. रातच्या राखणदारांना थंडी वाजती, म्हनून बाजारातला एक शिंपीदादा कापूस भरलेल्या बंड्या शिवून घ्यायचा. ते काम आमी घरी आणलं, मी आन् माझी धाकटी जाऊ सरू.

कापूस गिरणीतला टाकाऊ, मातीनं भरलेला. तो हातानं पिंजायचा, थर लावायचा, वरनं टाके घालायचे. वाऱ्यानं उडतो म्हनून दार लावायचं, खिडकीत पोतं कोंबायचं. पापण्या पांढऱ्या व्हायच्या, आमी एकमेकीला म्हातारे म्हनून हसायचो. काम झालं की गुळाचा खडा, गुळानं धूळ उतरती म्हनायची सासू, आन् मलाबी ते खरंच वाटायचं.

सरूला खोकला लागला. तिनं जुनं लुगडं फाडून नाकातोंडाला फडकं बांधलं, आन् नेमके तवाच नणंदेला बघाया पाहुणे येणार व्हते. मी म्हनले, अगं सोड ते, तोंड बांधलेली सून कुनी बघितली तर म्हनतील ह्या घरात क्षय हाय, पोरीचं जमणार न्हाई. ती म्हनली, अक्का, ह्याच्याबिगर जीव घाबरतो. मी माझ्या हातानं गाठ सोडली. पाहुण्यांना खोकला ऐकू जाऊ ने म्हनून तिला माळ्यावर ठेवलेल्या कापसातच बसवली, पदर तोंडात कोंबून बसली बिचारी.

नणंदेचं लगीन झालं, चांगलं झालं. मग सरूला पुण्याला दवाखान्यात नेली, मनात एकच, आता क्षयच निघतोय. डाक्तर म्हनला, क्षय न्हाई बाई, कापसाच्या धुळीनं छाती धरलीया, तोंडाला काही बांधत नव्हता का. सरू म्हनली, न्हाई जी, मलाच सुचलं न्हाई.

तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. काम सोडलं आमी, पन तिला आता नदीवरनं हंडा आणवत न्हाई, चार पावलाला थांबती, दिवसभर उंबऱ्यात बसती. देवानं तिला माझ्या आधी नेऊ ने, एवढंच मागती मी. अंगण झाडाया घेतलं की आता मीबी फडकं बांधती, बघू दे कुनालाबी. ती उंबऱ्यातनं हाक मारती, अक्का, गाठ ढिली हाय, इकडं या. आन् बांधून देती.