निम्म्या किमतीच्या गोळ्या

मोहन : …खराब नाहीत गं, सेकंड आहेत. फरक आहे.

वैभवी : बाबा, पिशवीवर साधं नावसुद्धा नाही. नुसतं मार्करनं एकशे पंचावन्न लिहिलंय.

मोहन : म्हणून तर निम्म्या किमतीत मिळाल्या. एखादीच्या टोकाला चरा, एखादीचं तांबं काळवंडलेलं. नव्या डब्यात घालून विकायची कंपनीला लाज वाटते. पण नेमबाजीच्या क्लबात कागदाला भोकच पाडायचंय ना? त्याला रूप कशाला लागतं?

वैभवी : आणि ह्यात बंदुकीची दारू नाही, नक्की?

मोहन : तिसऱ्यांदा विचारतेयस.

वैभवी : चौथ्यांदा. सकाळी आईंना विचारलं होतं.

मोहन : ही नुसती पुढची गोळी. मोठा खिळा समज. दारू आणि ती पेटवायच्या टोप्या कपाटात, किल्ली माझ्या कमरेला. सगळं एकत्र भरलं की काडतूस होतं आणि ते काम माझं, लायसन्स माझं. सूनबाईंनी फक्त निवडायचं. हातमोजे घातलेस?

वैभवी : दोन जोड्या, एकावर एक. मागच्या टोकाला शिसं उघडं दिसतंय.

मोहन : शाबास! मला हे सांगावं लागेल असं वाटलं होतं.

रेखा : (शेडच्या दारातून) अहो, माझं पुरणाचं ताट इथं काय करतंय?

मोहन : सपाट आहे गं. असं सपाट ताट लंडनच्या ह्या अख्ख्या हॅरोत नाही.

रेखा : आता ते पुन्हा माझ्या किचनमध्ये यायचं नाही, सांगून ठेवते. दिवाळीला नवं घ्या. आणि तेही काळं पडलेलं, चरा गेलेलं चालणार नाही! बघ वैभवी, जन्मभर कारखान्यात लोकांचे सेकंड बाजूला काढले ह्यांनी, आणि आता म्हातारपणी तेच पिशवी भरून विकत आणतात.

मोहन : त्याला अनुभव म्हणतात.

रेखा : चहा टाकतेय. हात धुतल्याशिवाय कपाला शिवायचं नाही. दोघांनीही.

वैभवी : आई, दिया?

रेखा : झोपलीय गं. मी आहे ना.

वैभवी : हो… एकदा बाळाचा मॉनिटर बघते फक्त. हं. एक पाय पांघरुणाबाहेर. बरं, बाबा, आता काय करू?

मोहन : एकेक उचल, फिरवून बघ. चरा चालेल. खड्डा, चीर, वाकडं बूड नको. मग काट्यावर ठेव. एकशे पंचावन्न ग्रेन यायला हवं, थोडं इकडेतिकडे.

वैभवी : ग्रेन म्हणजे किती?

मोहन : आपल्या सोनाराची गुंज असते ना, तिच्या अर्ध्याहून किंचित जास्त.

वैभवी : एवढंसं? आणि ह्या डब्यात काय आहे? ह्याच्यावर ‘पास’ लिहिलंय.

मोहन : त्या काल झाल्या. दोनशे. त्यांना हात लावायला नको.

वैभवी : काट्यावर घातल्या होत्यात?

मोहन : हातानं बघितल्या. तीस वर्षं बेअरिंगं तपासली मी, बोटांना कळतं.

वैभवी : काटा समोर असताना?

मोहन : तू पिशवीतल्या घे.

वैभवी : दहाच बघते ह्यातल्या. उगाच, मनाला बरं म्हणून. ताटात उभ्या करते, शाळेच्या फोटोत मुलांना करतात तशा, रांगेत.

मोहन : कर बाई कर. सगळं दोनदा तपासायची तुझी हौस मला ठाऊक आहे. दाराची कडी काल किती वेळा वाजली ते मोजलंय मी.

वैभवी : चार. सॉरी. आणखी एक रांग लावते. आणखी एक… बाबा, ही बघा.

मोहन : काय झालं?

वैभवी : ही उंच आहे.

मोहन : ताट हललं असेल.

वैभवी : हललं नाही. बाकीच्या सगळ्या एका रेषेत आहेत, हिचंच डोकं वर येतंय. काट्यावर ठेवते. काय आकडा आला, वाचा.

मोहन : तू वाच की.

वैभवी : तुम्ही वाचा ना.

मोहन : चष्मा आत राहिला.

वैभवी : चष्मा डोक्यावर आहे, बाबा.

मोहन : पुसायला हवाय. तूच वाच.

वैभवी : एकशे अडुसष्ट आलंय.

मोहन : दुसऱ्या जातीची. पिशवीत कुठून तरी मिसळली असणार. सेकंडमध्ये होतं असं कधीतरी, म्हणून तर निवडायच्या.

वैभवी : आणि ही पास झाली होती. भरली असती तर?

मोहन : दारू हलक्या गोळीच्या मापानं घातलेली. पुढे जड गोळी आली की आत दाब वाढतो.

वैभवी : म्हणजे काय होतं? खरं सांगा.

मोहन : बहुतेक काहीच नाही. रायफल दणकट असते. पण ‘बहुतेक’वर कारखान्यातला इन्स्पेक्टर सही करत नाही. मी तरी कधी केली नाही.

वैभवी : गुरुवारी तुम्ही चहा कपाबाहेर ओतलात आणि म्हणालात, बशीतच प्यायचा होता.

मोहन : बघितलंस होय?

वैभवी : मी सगळंच बघते. तोच तर माझा आजार आहे.

मोहन : अनिशला बोललीस?

वैभवी : नाही. तो तुमचाच मुलगा, लगेच रायफल विकायला काढेल. आधी तुम्हाला विचारणार होते, धीर झाला नाही.

मोहन : त्या खणात क्लबला लिहिलेलं पत्र आहे. राजीनाम्याचं. म्हटलं ही शेवटची पिशवी संपवावी, मग टपालात टाकावं. मोतीबिंदू आहे म्हणे, दोन्हीकडे. ऑप्टिशियन हॉस्पिटलला कळवतो म्हणाला, मीच म्हटलं थांब. एकदा डोळ्यांची फाइल उघडली की हे सगळं बंद होईल, अशी भीती वाटली. अठ्ठावीस वर्षांचा रविवार आहे गं माझा.

वैभवी : मोतीबिंदू काढतात, बाबा. माझी नागपूरची मावशी तिसऱ्या दिवशी सुईत दोरा ओवत होती.

मोहन : नंबर कधी लागेल देव जाणे.

वैभवी : लागेल तेव्हा लागेल. सोमवारी ऑप्टिशियनकडे जायचं, मी येते. क्लबातही खरं काय ते सांगायचं. आणि डोळे होईपर्यंत एकही काडतूस भरायचं नाही.

मोहन : आणि तोवर मी काय करू? टीव्ही बघू?

वैभवी : निवडायच्या. पाचशे आहेत ना? शनिवारी दिया दोन ते चार झोपते. तुम्ही बोटांनी सांगा, मी काट्यावर बघते.

मोहन : तुझी ती समुपदेशक बाई, जीपी डॉक्टरनं गाठून दिलेली, काय म्हणेल? ती तर म्हणते ना, एकदाच तपासायचं?

वैभवी : हो. गॅस एकदा, दार एकदा, मग हात मांडीवर ठेवून बसायचं. जमतच नाही मला. पण इथं बसून अर्धा तास झाला, आणि मॉनिटर एकदाच बघितलाय.

मोहन : खरंच की!

वैभवी : आत्ता लक्षात आलं माझ्या. बघू का?

मोहन : तू ठरव.

वैभवी : …ही रांग झाल्यावर.

मोहन : मग हा डबा ताटात उपड कर. सगळ्या पुन्हा, पहिल्यापासून.

वैभवी : दोनशेच्या दोनशे?

मोहन : कंटाळा आला?

वैभवी : छे! मी तेच म्हणणार होते.

रेखा : अहो, चहा! आणि हात…

मोहन : धुतोय गं! आलोच. ती उंच बाई वेगळी ठेव, वरच्या फळीवर, दियाचा हात पोचणार नाही अशी.

वैभवी : ठेवलीसुद्धा. आणि पत्र?

मोहन : राहू दे खणात. टपालाची घाई नाही. ते ‘पास’ मात्र खोड. नवी चिठ्ठी लाव, आजची तारीख घाल. आमच्याकडे प्रत्येक पेटीवर दोन सह्या लागायच्या. एका माणसाच्या डोळ्यावर माल बाहेर जायचा नाही, मग तो कितीही जुना असो. हं, डबा झाला की मी सही करेन, मग तू.

वैभवी : मी कुठं करायची? तुमच्या खाली?

मोहन : खाली नको. शेजारी.