शेपूट कापलेले शब्द

...नाही, मला सांगा, रोज तीस नवे इंग्रजी शब्द पाठ करायचे आणि ते सगळेच्या सगळे एका बैठकीत पाठ होतात, हे लक्षण बरं आहे का? कार्ताहेनात एकोणीस वर्षं नर्स आहे मी, पहिल्या डोसाला लागू पडणारं औषध पाहिलं नाही कधी, आणि शेहेचाळिसाव्या वर्षी मला एकदम इंग्रजी लागू पडतंय? तेव्हाच म्हटलं, नुबिया, कुठंतरी पाणी मुरतंय!

झालं काय, हॉस्पिटलनं परदेशी पेशंटांचा वॉर्ड काढला. इंग्रजीची परीक्षा पास होईल ती तिथली हेड सिस्टर. म्हणजे मी नापास झाले तर ती दामारिस, परवा लागलेली, जिला अजून पेशंटची शीर सापडत नाही, ती माझ्या डोक्यावर! म्हणून गेले एवारिस्तो सरांच्या क्लासला. सर ओरडणार, "फॅसिलिटी! व्हेलॉसिटी!" आणि आम्ही वहीत उतरवणार. अहो, पण आम्ही घरात फासिलिदाद म्हणतो, वेलोसिदाद म्हणतो... ही तर आमचीच स्पॅनिश, शेपूट कापून आम्हालाच परत! तास सुटल्यावर मागं थांबून विचारलं तसं, तर सरांनी आधी दार लोटलं, मग हळूच म्हणाले, "नुबियाबाई, कळलं ना? मग गप्प बसा. बाकीच्यांना कळायचंय अजून." दार का लोटलं? आणि गेट अप, गेट ऑन, गेट ओव्हर, ही चिमुकली पिल्लं विचारली की खोकतात का? "ते... ते सवयीनं येतं!" पाणी मुरतंय की नाही?

पण मोह वाईट हो. मीही लागले शेपट्या कापायला. त्यात आले ह्यूबर्टआजोबा, कॅनडाचे, किनाऱ्यावर कालवं खाल्ली आणि उलट्यांनी बेजार. विषबाधा झाली की आमच्यात इंतोक्सिकादो म्हणतात. बाहेर त्यांची बायको विनी, भीतीनं पांढरीफटक. मी पाठीवरून हात फिरवला, मनातल्या मनात शेपूट कापलं आणि म्हटलं, "मॅडम, युअर हजबंड इज इंटॉक्सिकेटेड!"

पांढरी बाई लाल झाली! तरातरा आत, आणि पर्सनं दणादण... "बावीस वर्षं! थेंबाला शिवलो नाही म्हणत होतास ना रे?" म्हातारा उलटीचं भांडं ढालीसारखं धरून, "अगं विनी, कालवं! देवाशपथ, नुसती कालवं!" डॉक्टर धावत आले, म्हणाले, "सिस्टर, इंग्रजीत त्याचा अर्थ दारू ढोसलेला!" आणि दाराआड दामारिस... हसत नव्हती हो, नुसती तोंडावर रुमाल धरून उभी होती. रुमाल कशाला?

परीक्षा चार दिवसांवर. सरांकडे गेले तर म्हणे, "सगळ्यांचं शेपूट नसतं कापायचं!" हे आता सांगताय? वही तिथंच टाकली. आजोबांच्या खाटेपाशी जाऊन माफी मागितली, रडूच आलं मला. तर विनीबाईनं मलाच कवटाळलं. मग चार दिवस मी सलाईन लावायची आणि ती दोघं मला ती पिल्लं शिकवायची. उलटी झाली की थ्रो अप, बरं वाटलं की गेट बेटर, बायको चिडली की कूल डाउन. मार खाल्लेल्या माणसाचे उच्चार फार स्पष्ट असतात, तुम्हाला सांगते!

परीक्षेत बाई म्हणाली, "तुमच्या हातून झालेली एखादी चूक सांगा." मी पर्सपासून भांड्यापर्यंत सगळं सांगितलं, त्याच चिमुकल्या शब्दांत. ती हसता हसता टेबलावर आडवी! परीक्षक हसते? म्हटलं, संपलं, इथंही पाणी मुरतंय.

पास झाले! हेड सिस्टर! दामारिसनं स्वतःच्या हातानं बिल्ला लावला, दोनदा टोचला, असो. पांढरा कडक गणवेश घालून नव्या वॉर्डच्या दारात उभी राहिले, गुड मॉर्निंग ओठांवर तयार... पहिले आठ पेशंट आले.

आठही ब्राझीलचे. एकालाही इंग्रजीचं अक्षर येत नाही. आणि आज सकाळी नोटीस लागलीय, पोर्तुगीजची परीक्षा पुढच्या महिन्यात.