फळीवरची चीर

जुस्टिना : दादा, छापाच्या फळीवर ही आडवी चीर कुणी मारली?

मोजिलिप : मीच. पटाशीनं.

जुस्टिना : वेड लागलंय का तुला? अख्खं गाव आहे हिच्यावर. ज्यानं त्यानं आपापलं घर स्वतःच्या हातानं कोरलंय.

मोजिलिप : राजधानीतल्या कलादालनाची अटच होती. छाप एकच राहायचा, फळी बाद करायची. त्यानं म्हणे चित्राला मोल येतं.

जुस्टिना : आणि तू मान डोलावलीस. आपल्या मंडळानं कधी छाप मोजलेत? मागेल त्याला द्यायचा. संपले की शाई फासायची, वर कापड टाकायचं आणि सगळ्यांनी मिळून फळीवर नाचायचं, की उमटला नवा छाप.

मोजिलिप : दालनातली बाई गोड बोलली गं. धरणाचं पाणी गावावर येतंय, हे मंत्री स्वतः बघतील म्हणाली. तामूत, आठवडी बाजारात, आपण ढिगानं छाप टांगतो, कुत्रं विचारत नाही. म्हटलं, तिथं एक लागला तरी पुरे.

जुस्टिना : मग, लागला?

मोजिलिप : लागला होता. उद्घाटनाच्या आधीच उतरवला. वरून सांगणं आलं, एवढंच म्हणाली.

जुस्टिना : मग आपला आपल्याला परत द्या म्हणावं.

मोजिलिप : आता तो त्यांचा. कुलपात ठेवलाय.

जुस्टिना : तेलही गेलं, तूपही गेलं. कपाळ माझं.

(बाहेर एक गाडी येऊन थांबते.)

मोजिलिप : कुणाची गं ही?

जुस्टिना : सकाळपासून गावात फिरतेय. आतले लोक उतरून दार वाजवतात, माणसाला नावानिशी हाक मारतात, धरणाच्या विरोधात तूच ना, म्हणून विचारतात. ओडू आजीला तर तिच्या जन्मनावानं हाक मारली. ते नाव गावाबाहेर कुणाला माहीत आहे?

मोजिलिप : बाईनं विचारलं होतं मला. कुठलं घर कुणी कोरलं ते. चित्राशेजारी पाटी लावायची म्हणाली.

जुस्टिना : आपण छापावर कधीच कुणाचं नाव घालत नाही, दादा.

मोजिलिप : म्हाताऱ्यांना बरं वाटेल, असं वाटलं गं. छापावर नदीपासून सुरुवात केली. एकेका घरावर बोट ठेवत वर आलो.

जुस्टिना : ही गाडीही नदीकडूनच वर आलीय.

मोजिलिप : आता कुणाच्या दारात आहे?

जुस्टिना : शेजारच्या.

मोजिलिप : जुस्टिना, मागच्या दारानं निघ. आपलं घर तू कोरलंस ना, तुझंच नाव सांगितलंय मी.