दाखला नंतर

आज पाच जुलै, रविवार. सकाळी दहा वाजता आपण सोसायटीच्या हॉलमध्ये जमलो. पाटणकर सरांच्या फोटोला हार घातला, उदबत्ती लावली. माझ्या आधी चार जण बोलले. आता मला उठवलं आहे.

पाटणकर वहिनी, आणि जमलेले सगळे. मला बोलता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. बारा वर्षं इथे राहतोय, पण सोसायटीच्या एकाही मीटिंगमध्ये मी तोंड उघडलेलं नाही. आजही नको म्हणत होतो. सेक्रेटरी गुप्ते म्हणाले, "राणे, तुम्ही सरांच्या समोरच्या दाराचे. दोन शब्द बोला." दोन शब्द आहेत माझ्याकडे. ते चांगले नाहीत. वहिनी, तुमची आधीच माफी मागतो.

खाली बोर्डावर या सभेची सूचना लावली आहे. त्यात लिहिलंय, 'नामवंत महाविद्यालयातील आदरणीय प्राध्यापक'. येताना मी ते दोनदा वाचलं. नामवंत. सर स्टेशनपलीकडच्या कॉलेजात फिजिक्स शिकवत होते. इथून चालत पंधरा मिनिटं. सर होते तोवर आपल्यापैकी कोणी त्या कॉलेजला नामवंत म्हटलं होतं का? मी नाही म्हटलं. दर जूनमध्ये इथे खाली बाकड्यावर काय बोलणं चालायचं, ते आठवा. "चालत जाता येतं ते कॉलेज कसलं हो, ती शाळेचीच वरची इयत्ता." सगळे हसायचे. सर तिथेच बसलेले असायचे. तेही हसायचे.

आणि मग शहराच्या दुसऱ्या टोकाच्या, लोकलने तासभर लांब असलेल्या कॉलेजांबद्दल आपण त्यांनाच विचारायचो. "सर, टाउनमधलं ते कॉलेज कसं आहे? यंदा लिस्ट किती टक्क्यांना बंद होईल?" सर विचारायचे, "तिथे शिकवतं कोण? एका वर्गात मुलं किती? प्रॅक्टिकल होतात का? बघून आलात का?" कोणी बघून आलेलं नसायचं. आपण एकच गोष्ट बघायचो. लिस्ट कितीला बंद झाली. जे कॉलेज जास्त मुलांना परत पाठवतं, ते चांगलं. आपलं मोजमाप एवढंच.

आधीच्या चौघांनी सांगितलं, सरांनी किती मुलं घडवली. या बिल्डिंगमधली किती मुलं त्यांच्या कॉलेजात शिकली, ते कोणी सांगितलं नाही. मी सांगतो. एकही नाही.

जागा मात्र आपण अडवल्या. कशा, ते सगळ्यांना ठाऊक आहे, पण आज मोठ्याने बोलू या. ॲडमिशनला शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. दाखला एकच असतो, म्हणून जागाही एकच घेता येते. पण सर ॲडमिशनच्या कामाला असायचे. आपण जायचो आणि म्हणायचो, "सर, दाखला शाळेतून मिळायचाय. नाव तेवढं घेऊन ठेवा." सर रजिस्टरमध्ये नावापुढे पेन्सिलीने लिहायचे, 'दाखला नंतर'. खाली त्यांची सही. म्हणजे हमी त्यांची. दाखला आपल्या कपाटात असायचा. टाउनच्या दुसऱ्या लिस्टसाठी राखून ठेवलेला.

सहा वर्षांपूर्वी माझा मिलिंद दहावी झाला. मी तेच केलं. टाउनच्या दुसऱ्या लिस्टमध्ये त्याचं नाव लागलं. त्याच दिवशी दाखला तिथे दिला. सरांना सांगितलं नाही. का नाही, ते मला नीट माहीत आहे. म्हटलं, असू दे ही जागाही हाताशी.

दुसऱ्या दिवशी एक वाजता सरांच्या कॉलेजची यादी बंद झाली. त्यानंतर नवं नाव घेता येत नाही. संध्याकाळी सर घरी आले. बसले नाहीत.

"राणे, दाखला कुठे आहे?"

"टाउनला झालं, सर. कालच दिला."

"काल?"

"हो. गडबडीत सांगायचं राहून गेलं."

सर म्हणाले, "काल सांगितलं असतंत तर चाललं असतं. आज बाराला सांगितलं असतंत तरी चाललं असतं. भांडुपची एक मुलगी होती. सुनंदा. वेटिंगवर पहिलं नाव तिचं. वडील गिरणीतून रात्रपाळी करून तसेच आले होते. सकाळपासून ॲडमिशनच्या खिडकीपाशी उभे होते. एक वाजता मी त्यांना काय सांगितलं असेल?"

मी काय म्हणालो, माहीत आहे? मी म्हणालो, "सर, चहा घेणार?"

ती जागा वर्षभर रिकामी राहिली. त्या मुलीचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. सरांना विचारता आलं असतं. समोरचंच दार. सहा वर्षांत मी विचारलं नाही.

आता पुढचं ऐका. टाउनच्या त्या कॉलेजात एका वर्गात सव्वाशे मुलं. मागच्या बाकावर काही ऐकू यायचं नाही. दिवाळीपर्यंत मिलिंदला फिजिक्समधलं काही येईना. मग मी कुठे गेलो असेन? समोरच्या दारात. "सर, मिलिंदला जरा..." माझं वाक्य पुरं व्हायच्या आत सर म्हणाले, "पाठवा." दोन वर्षं, दर रविवारी. बारावीला मिलिंदला चांगले मार्क मिळाले. मी पेढे वाटले. लोकांनी विचारलं, कॉलेज कुठलं? मी टाउनचं नाव सांगितलं आणि वर म्हणालो, "नाव आहे ना त्या कॉलेजचं, उगाच नाही." सर तेव्हा शेजारी उभे होते. त्यांच्या हातात पेढा होता. मला आता तो पेढा आठवला की किळस येते. सरांची नाही. माझी.

यंदा माझी वैशाली दहावी झाली. पंधरा दिवसांपूर्वी मी पुन्हा सरांकडे कॉलेजात गेलो. लाज नावाची गोष्ट असते, पण गेलो. सरांनी नाव लिहिलं. पुढे पेन्सिलीने 'दाखला नंतर'. आणि विचारलं, "यंदा सांगाल ना, राणे?" मी म्हणालो, "हो, सर."

त्यानंतर तिसऱ्या दिवशी सर गेले.

परवा शुक्रवारी टाउनची लिस्ट लागली. वैशालीचं नाव आहे. तिला तिथेच जायचंय. तिच्या मैत्रिणी तिथे आहेत, तिला नाटकांत भाग घ्यायचाय. मी तिला अडवत नाही. काल दाखला तिथे दिला. घरी आलो तर बायको म्हणाली, "इकडची जागा दोन दिवस राहू द्या. तिकडे काही निघालं तर?" मी बरं म्हणालो. आणि मनात काय आलं, तेही सांगतो. मनात आलं, सर नाहीत, आता विचारणार कोण?

काल संध्याकाळी बाजारात त्या कॉलेजचे क्लार्क भेटले. ते म्हणाले, "सरांच्या शब्दावर ठेवलेल्या जागा तीन आहेत. तिन्ही तुमच्या बिल्डिंगच्या. सोमवारी एक वाजेपर्यंत ठेवतोय. सरांचा शब्द आहे ना, पेन्सिलीचं खोडायला हात धजत नाही." मी त्यांना तिथेही काही सांगितलं नाही. पिशवीत भाजी घेतली आणि घरी आलो.

तीन जागा. एक माझी. उरलेले दोघे या हॉलमध्ये बसलेले आहेत. नावं घेत नाही. मगाशी फोटोला हार घालताना माझ्या मागे कोणीतरी हळूच विचारत होतं, "सेकंड लिस्टला किती खाली येईल?" दुसरा म्हणाला, "येईल की दोनेक टक्के." मी मागे वळून पाहिलं नाही. कारण उत्तर मलाही ऐकायचं होतं. आपण हे असे आहोत. माणूस जाऊन बारा दिवस झाले आणि आपण अजून त्याच्या सहीवर जागा धरून बसलोय.

खिडकी उद्या दहाला उघडते. यादी एकला बंद होते. मधले तीन तास आहेत. वेटिंगवर कोणाची तरी मुलगी असेल, कोणाचा तरी बाप उभा असेल. मोठं काही करायचं नाही. चार ओळींचा अर्ज लिहायचा, 'जागा नको'. सही करायची. बस.

सर, तुम्ही विचारलं होतंत, सांगाल ना. एक दिवस उशीर झाला. सांगतो.

आता सगळे उभे राहू या. दोन मिनिटं कोणी कोणाला काही विचारू नका. त्यानंतर खाली चहा आहे, असं गुप्ते म्हणाले. मी थांबणार नाही. घरी जाऊन तो अर्ज लिहिणार आहे, आणि उद्या दहाला एकटाच त्या खिडकीपुढे उभा राहणार आहे.